पोर्ट : गोव्याची आणि दोरूची

गोव्याच्या सहलीत आपल्याला भेटते ती गोड, लाल ‘पोर्ट’ वाइन. तिचे मूळ घराणे पोर्तुगालमधले.

■ प्रदेश : दोरू नदीचे खोरे. उतारांवर पायऱ्यापायऱ्यांचे द्राक्षमळे. हद्द आखली १७५६ साली. जागतिक वारशाचा मान २००१ मध्ये.

■ कृती : रस अर्धवट आंबला की त्यात सुमारे ७७ टक्के मद्यार्काची द्राक्षांची दारू ओततात. यीस्ट मरते, साखर उरते. तयार पोर्टमध्ये मद्यार्क साधारण २० टक्के.

■ व्हिंटेज : एकाच, निवडक वर्षाची द्राक्षे. सुमारे दोन वर्षे पिंपात, मग कित्येक दशके बाटलीत.

■ वाढताना : व्हिंटेजच्या बाटलीत तळाशी गाळ बसतो, बाटली न हलवता वरची वाइन अलगद निथळून घ्यावी.