आदिवासी तरुणाच्या हातात फोन आला, पण जाळे कोणाच्या हातात?

९ ऑगस्ट हा जागतिक आदिवासी दिन. संयुक्त राष्ट्रसंघाने तो १९९४ मध्ये जाहीर केला आणि गेल्या काही वर्षांत नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत तो मोठ्या उत्साहाने साजरा होऊ लागला. मिरवणुका निघतात, ढोल वाजतो, तारपा वाजतो आणि त्या नाचाच्या चित्रफिती दिवसभर मोबाईलवर फिरतात. याचा आम्हाला आनंदच आहे. पण ९ ऑगस्टला दिसणारा हा आदिवासी १० ऑगस्टला कुठे जातो? गावाच्या जमिनीची जनसुनावणी कधी आहे, वनहक्काचे दावे कोणत्या टेबलावर अडले आहेत, आश्रमशाळेतली मुलगी कशाने दगावली, ही बातमी त्याच मोबाईलवरून का निघत नाही? फोन आहे, नेट आहे, तरुणही आहे. मग अडले कुठे?

अडले आहे ते प्रशिक्षणावर. प्रशिक्षण होतच नाही असे नाही. केंद्र सरकारने २०१७ मध्ये ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान काढले आणि ६ कोटी ग्रामीण कुटुंबांतील एकेका व्यक्तीला शिकवण्याचे उद्दिष्ट ठेवले. अभ्यासक्रम २० तासांचा. संगणक सुरू कसा करावा, ई-मेल कसा पाठवावा, पैसे कसे भरावेत, सरकारी योजनेचा अर्ज कसा करावा, एवढे त्यात होते. मार्च २०२४ मध्ये ते अभियान संपले. कंपन्यांच्या पैशावर चालणारी शिबिरेही याच वळणाची. शेवटी प्रमाणपत्र हातात धरून सामुदायिक फोटो. यातून ग्राहक तयार होतो, फार तर लाभार्थी तयार होतो. आपल्या माणसांना एकमेकांशी जोडणारा कार्यकर्ता यातून कसा तयार व्हावा?

तो कसा तयार होतो याचे एक उदाहरण आपल्या शेजारीच आहे, गडचिरोलीची सीमा ओलांडली की. छत्तीसगडमध्ये फेब्रुवारी २०१० मध्ये ‘सीजीनेट स्वरा’ सुरू झाले. पूर्वी बीबीसीत काम केलेले पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी ते उभे केले आणि तांत्रिक बाजू बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधील संशोधकांनी सांभाळली. त्या वेळी बस्तरच्या जंगलात इंटरनेट नव्हते, वर्तमानपत्र पोहोचत नव्हते आणि पोहोचले तरी ते हिंदीत होते. खासगी आणि सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी आपल्या देशात नाही. उरला होता तो बटणांचा साधा मोबाईल. तेवढ्यावर हे जाळे विणले गेले.

रीत सोपी होती. ठरलेल्या नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा, तिकडून फोन यायचा. १ दाबले की आपले म्हणणे दोन-तीन मिनिटांत सांगायचे, २ दाबले की दुसऱ्यांचे ऐकायचे. गोंडीत बोला, कुडुखमध्ये बोला, हिंदीत बोला. लिहिता-वाचता येण्याची अट नाही. आलेला निरोप संपादक ऐकत, फोन करून खातरजमा करत आणि मग तो सर्वांसाठी खुला होई. हातपंप बंद आहे, रोजगार हमीची मजुरी मिळाली नाही, रेशन दुकानदार धान्य देत नाही, मास्तर शाळेत येत नाही, अशा तक्रारी. मध्येच एखादे गाणेही.

पण त्यातले सर्वात महत्त्वाचे शिक्षण निरोपाच्या शेवटी होते. तक्रार सांगणाऱ्याला शिकवले जाई की शेवटी संबंधित अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा आणि फोन नंबर सांगा आणि ऐकणाऱ्यांना त्या साहेबाला फोन करण्याची विनंती करा. मग रायपूरहून, दिल्लीहून, कधी परदेशातूनही त्या तहसीलदाराला, त्या अभियंत्याला फोन जात. जो साहेब दारात आलेल्या आदिवासीला बाहेर ताटकळत ठेवतो, तो अनोळखी शहरी आवाजाला मात्र उत्तर देतो. ही आपल्या व्यवस्थेची लाजिरवाणी वस्तुस्थिती आहे, पण तिचा वापर करून घेतला गेला. काम झाले की तोच माणूस पुन्हा फोन करून सांगे, हातपंप दुरुस्त झाला, फोन करणाऱ्यांचे आभार. याला आम्ही नेटवर्किंग म्हणतो. गटात ‘जय आदिवासी’चे शंभर संदेश टाकणे म्हणजे नेटवर्किंग नव्हे.

पुढे त्यातूनच ‘बुल्टू रेडिओ’ निघाला. ब्लूटूथचा गावठी उच्चार बुल्टू. गावोगावचे निरोप एकत्र करून कार्यक्रम तयार करायचा, जिथे नेट मिळेल तिथे तो उतरवून घ्यायचा आणि आठवडी बाजारात एका फोनवरून दुसऱ्या फोनवर फुकट द्यायचा. डोक्यावर मोहाची टोपली घेऊन आलेली बाई परत जाताना बातम्या घेऊन जाई. पुस्तकी तज्ज्ञांना हे सुचले नसते, कारण त्यांनी बाजार पाहिलेला नसतो.

या प्रयोगाचे दुबळे अंगही वाचकांनी लक्षात घ्यावे. परत येणाऱ्या प्रत्येक फोनचे बिल संस्थेवर, आणि संस्था देणग्यांवर. कोणता निरोप खुला करायचा हे ठरवणारी खुर्ची जंगलापासून दूर. तंत्र आणि पैसा दोन्ही बाहेरून आले की देणगीदाराने हात काढताच जाळे सैल पडते. म्हणून संपादनाची खुर्ची आणि सर्व्हरची किल्ली गावात कशी आणायची हा प्रशिक्षणाचा विषय पहिल्या दिवसापासून असला पाहिजे, शेवटच्या दिवशी ‘भविष्यातील दिशा’ म्हणून नव्हे.

कॅनडातील मूळ रहिवाशांचे ‘आयडल नो मोअर’ हे आंदोलन पाहा. जगाला ते हॅशटॅगमुळे माहीत झाले. पण नोव्हेंबर २०१२ मध्ये सस्काटून शहरात ते सुरू झाले ते एका वर्गाने. तिघी आदिवासी आणि एक गोरी अशा चार महिलांनी लोकांना बसवून सरकारचे सी-४५ हे विधेयक समजावून सांगितले. नद्या-तलावांवरचे संरक्षण कसे काढले जाणार, राखीव जमिनी भाड्याने देणे कसे सोपे होणार, हे कलमाकलमाने सांगितले. असे वर्ग गावोगाव झाले आणि १० डिसेंबरला देशभर निदर्शने झाली. आधी कलम, मग हॅशटॅग. आपल्याकडे नेमके उलटे चालते. हॅशटॅग रात्री ठरतो आणि कलम कोणते ते सकाळी शोधतात!

मध्य प्रदेशातील ‘जयस’ ही संघटनाही फेसबुकवरच्या तरुणांतून उभी राहिली. पण ती फेसबुकवर बसून राहिली नाही. २०१३ मध्ये नंदुरबारला लागून असलेल्या बडवानीत या तरुणांनी ‘फेसबुक पंचायत’ भरवली. पडद्यावरची नावे समोरासमोर आली, मग गावोगाव फिरली. दिल्लीच्या एम्समधील नोकरी सोडून आलेले तिचे नेते डॉ. हिरालाल अलावा २०१८ मध्ये आमदार झाले. पुढे निवडणुकीच्या राजकारणात संघटनेत फाटाफूट झाली तो भाग वेगळा. ती तर आपल्यालाही नवी नाही.

आता जोखमीविषयी. आदिवासी तरुणाला कॅमेरा आणि नेट शिकवणारे शहरात परत जातात, तो तरुण गावातच राहतो. दंतेवाड्याचे लिंगाराम कोडोपी यांनी नोएडात पत्रकारितेचे शिक्षण घेतले. मार्च २०११ मध्ये ताडमेटला आणि आसपासच्या गावांत घरे जाळली गेली, तेव्हा तिथल्या लोकांचे म्हणणे त्यांनी कॅमेऱ्यात टिपले. सप्टेंबर २०११ मध्ये त्यांना अटक झाली. आरोप काय, तर कंपनीच्या कंत्राटदाराकडून माओवाद्यांसाठी पैसे घेतल्याचा. त्यांची आत्या सोनी सोरी याही त्याच खटल्यात. जामिनासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले आणि निर्दोष सुटका झाली ती मार्च २०२२ मध्ये. म्हणजे साडेदहा वर्षांनी. दरम्यान ताडमेटला प्रकरणात सीबीआयने २०१६ मध्ये विशेष पोलीस अधिकाऱ्यांवरच आरोपपत्र दाखल केले होते. कॅमेऱ्याने खोटे सांगितले नव्हते.

झारखंडमध्ये खुंटी पोलिसांनी जुलै २०१८ मध्ये फेसबुकवरील लिखाणावरून २० जणांवर देशद्रोहाचा गुन्हा नोंदवला. पत्थलगडीला पाठिंबा दिला हा त्यांचा अपराध. त्यात फादर स्टॅन स्वामीही होते. त्या गुन्ह्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ लावले होते, जे सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजीच घटनाबाह्य ठरवून रद्द केले होते! याच कलमाखाली नोव्हेंबर २०१२ मध्ये आपल्या पालघरमध्ये फेसबुकच्या एका मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली होती आणि त्यावरूनच ते कलम न्यायालयात गेले. मेलेले कलम तीन वर्षांनी पोलीस ठाण्यात जिवंत होते, हे ज्या कार्यकर्त्याला माहीत नाही तो ठाण्यात गेल्यावर काय बोलणार? शिबिरात वकील हवा तो यासाठी. फोन जप्त करताना पंचनामा मागायचा, वकिलाचा नंबर पाठ हवा, पीडितेचे नाव आणि चेहरा कधीही पुढे पाठवायचा नाही, कारण तो स्वतंत्र गुन्हा आहे. हे शिकवायला अर्धा दिवस लागतो. तो अर्धा दिवस वगळून चित्रफीत कशी आकर्षक करावी हे शिकवणाऱ्या शिबिराला आम्ही बेजबाबदार म्हणतो.

महाराष्ट्रात काय शिकवायचे? गडचिरोलीच्या ग्रामसभा या बाबतीत पुष्कळ पुढे आहेत. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभा तेंदूपत्ता आणि बांबू स्वतः विकतात. शेजारच्या ग्रामसभेला काय भाव मिळाला हे वेळेत कळले तर कंत्राटदाराला खेळता येत नाही. हे जाळ्याचे पहिले काम. दुसरे काम कागदांचे. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार जनसुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी निघावी लागते. प्रकल्पाची कागदपत्रे केंद्राच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर टाकली जातात. आपल्या ग्रामसभेच्या नावाने कोणता ठराव तिथे चढवला आहे, सह्या खऱ्या आहेत का, हे गावातल्याच मुलाने उघडून पाहिले पाहिजे. छत्तीसगडच्या हसदेव जंगलात साल्ही, हरिहरपूर, फत्तेपूरच्या लोकांनी आपल्या ग्रामसभांचे ठराव बनावट असल्याची तक्रार केली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये ३०० किलोमीटर चालत ते रायपूरला गेले. ठराव वाचता आला म्हणून बनावट आहे असे म्हणता आले.

ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरजागडच्या लोहखाणीच्या विस्ताराची जनसुनावणी एटापल्लीत न होता शंभराहून अधिक किलोमीटर दूर गडचिरोलीत झाली. पायाखालची जमीन ज्यांची, त्यांनीच एवढा प्रवास करायचा! अशा वेळी आत काय बोलले गेले याचे ध्वनिमुद्रण त्याच संध्याकाळी गावात गोंडीतून पोहोचवणारी पाच मुले असतील तर चित्र पालटेल.

गोंडीतून, हे मुद्दाम म्हटले. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे २९ लाख ८४ हजार. तरीही आठव्या अनुसूचीत गोंडी नाही. मसराम गोंडी लिपी २०१७ मध्ये आणि गुंजाळा गोंडी लिपी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आली, म्हणजे संगणकावर आणि फोनवर ती लिहिण्याची वाट मोकळी झाली. संथाळी बांधवांची ओल चिकी लिपी २००८ मध्येच तिथे पोहोचली होती आणि २०१८ मध्ये त्यांचा स्वतःचा विकिपीडिया उभा राहिला. आपल्या शिबिरांत मात्र शिकवणारा पुण्याचा, भाषा मराठी, पडदा इंग्रजी. मुले मान हलवतात. समजले असे गृहीत धरून पुढची चित्रपट्टी दाखवली जाते.

आंबेडकरी चळवळीने यात का पडावे, असे कोणी विचारील. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला तो दुसऱ्यांच्या पत्रांत आपली बातमी येत नाही म्हणून. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजी घडले, मोठी वर्तमानपत्रे कित्येक दिवस गप्प होती आणि कार्यकर्त्यांनी स्वतः तिथे जाऊन, अहवाल लिहून, ई-मेल आणि एसएमएसवरून ते देशाला कळवले. हा अनुभव आपल्या पदरात आहे. संगणक क्षेत्रात नोकरी करणारी आपली हजारो मुले पुण्या-बंगळूरला, अमेरिकेत आहेत. १४ एप्रिलला निळ्या झेंड्याचे चित्र पाठवण्यापलीकडे त्यांना काम द्या. मात्र त्यांनी तिथे नेते म्हणून जाऊ नये. खात्याचा पासवर्ड त्यांच्याकडे राहता कामा नये.

पासवर्डची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण कितीतरी गट तिथेच मेले आहेत. पान एका मुलाच्या नावावर असते, त्याला नोकरी लागते, नंबर बदलतो आणि तीन वर्षांच्या चित्रफिती, कागद, संपर्क सारे बुडते. म्हणून किमान तिघांकडे किल्ली हवी, त्यात एक बाई हवीच. मूळ ध्वनिमुद्रणाची एक प्रत ग्रामसभेच्या दप्तरात ठेवावी, तारखेसह. घरात एकच फोन असतो आणि तो पुरुषाच्या खिशात असतो. त्यामुळे बायकांचे शिबिर वेगळे आणि त्यांच्या वेळेला घ्यावे. सकाळचे पाणी-सरपण आटोपल्यावर, शक्यतो बाजाराच्या दिवशी. मे महिन्यात मात्र ठेवू नये. तेव्हा तेंदूपत्त्याची तोडणी असते, घरी कोणी सापडणार नाही.