शीर किती मिलिमीटरची?

पॉलिडोकॅनॉल ४.५२, सोडियम टेट्राडेसिल सल्फेट ४.४७ आणि नुसतं सलाइन २.१९. पायांवर उमटणाऱ्या बारीक निळ्या-लाल शिरांमध्ये ही तीन द्रावणं टोचून जर्मनीत एक चाचणी झाली, तिचे हे ५ पैकी गुण. रुग्ण ३३८. त्यांतल्या १८० जणांना पहिलं औषध मिळालं, १०५ जणांना दुसरं आणि ५३ जणांना सलाइन. मोजपट्टीवर २ म्हणजे ‘आधी होतं तसंच’ आणि ५ म्हणजे पूर्ण यश. सलाइनवाले जिथल्या तिथे राहिले, औषधवाल्यांना जवळजवळ पैकीच्या पैकी. २०१० साली अमेरिकेच्या औषध नियामकांनी पॉलिडोकॅनॉलला मंजुरी दिली, तिच्यामागे हीच चाचणी होती.

मंजुरीचा मजकूर मात्र फार मोजून-मापून लिहिलेला आहे. १ मिलिमीटरपर्यंतच्या शिरांसाठी अर्धा टक्का तीव्रतेचं औषध आणि १ ते ३ मिलिमीटरच्या शिरांसाठी १ टक्क्याचं. बस्स. मांडीपासून पोटरीपर्यंत दोरखंडासारखी फुगलेली शीर या चाचणीत नव्हतीच. ‘व्हेरिकोज व्हेन्स, ऑपरेशनविना, फक्त इंजेक्शनने’ अशा ऐसपैस जाहिरातीखाली दोन्ही प्रकारच्या शिरा एकत्र बसवल्या जातात आणि बारीक शिरांचं यश जाड शिरांच्या खात्यावर जमा होतं. आकडे खोटे नसतात, फक्त भलत्या शिरेचे असतात.

त्याच चाचणीतला आणखी एक आकडा नेहमी सांगितला जातो. १२ आठवड्यांनी पॉलिडोकॅनॉल घेतलेल्यांपैकी ८८ टक्के समाधानी होते, टेट्राडेसिल घेतलेल्यांपैकी ६४ टक्केच. गुण जवळपास सारखे, मग समाधानात २४ टक्क्यांची दरी कशी? टेट्राडेसिल सरसकट सगळ्यांना १ टक्का तीव्रतेचं दिलं होतं, अगदी बारीक शिरांनाही. हे औषध तेवढ्याच तीव्रतेच्या पॉलिडोकॅनॉलच्या दुप्पट-तिप्पट जहाल आहे. नाजूक शिरेत जहाल औषध गेलं की आजूबाजूची त्वचा तपकिरी पडते, ती शीर नाहीशी झाली तरी डाग उरतो. माझ्या मते इथे औषधापेक्षा तीव्रता हरली. आपल्याकडे टेट्राडेसिल ३ टक्क्यांच्या कुपीत मिळतं, तेव्हा बारीक शिरेत टोचण्याआधी ते पातळ करणं आणि योग्य प्रमाणात करणं हे टोचणाऱ्यावरच अवलंबून असतं.

ही दोन्ही औषधं रसायनशास्त्राच्या दृष्टीने साबणाच्या कुळातली. टेट्राडेसिल १९४६ पासून वापरात आहे. पॉलिडोकॅनॉल १९३० च्या दशकात जर्मनीत जन्माला आलं ते जागा बधिर करण्याचं औषध म्हणून, आणि शिरांसाठी त्याचा वापर १९६० च्या दशकात सुरू झाला. मूळचा तो गुण टिकून असल्यामुळे ते टोचताना फारसं दुखत नाही. शिरेच्या आतल्या अस्तराच्या पेशींची आवरणं ही औषधं विरघळवतात. अस्तर गेलं की भिंतींना सूज येते, त्या एकमेकींना चिकटतात आणि काही महिन्यांत शिरेच्या जागी तंतूंची बारीक दोरी उरते.

मग रुग्ण विचारतो, शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून? पायातलं जवळजवळ ९० टक्के रक्त स्नायूंच्या आतल्या खोल शिरांमधूनच वर जातं. फुगलेली वरची शीर रक्त हृदयाकडे नेतच नसते. झडपा निकामी झाल्यामुळे तिच्यातलं रक्त उलटं खाली उतरत असतं. माणूस स्थिर उभा असताना घोट्यापाशी शिरेतला दाब पाऱ्याच्या ९० मिलिमीटरच्या आसपास असतो. चालायला लागलं की पोटरीचा स्नायू रक्त वर ढकलतो आणि निरोगी पायात हा दाब ३० च्या खाली येतो. झडपा गेलेल्या पायात तो पुरेसा उतरत नाही, म्हणून संध्याकाळी पाय भरून येतात, पुढे घोट्याजवळची कातडी काळवंडते आणि काहींना जखम होते. अशी शीर बंद केल्याने रक्ताची वाट अडत नाही, उलट मोकळी होते. अट एकच: खोल शिरा चालू असल्या पाहिजेत, आणि ते डॉप्लर सोनोग्राफीशिवाय कळत नाही.

आता जाडीचं गणित. १ मिलिमीटर व्यासाच्या १० सेंटिमीटर शिरेत रक्त मावतं जेमतेम ०.०८ मिलिलीटर. व्यास ६ मिलिमीटर झाला की त्याच लांबीत २.८ मिलिलीटर, म्हणजे ३६ पट. शिरेच्या भिंतीचं क्षेत्रफळ मात्र ६ पटच वाढतं. बारीक शिरेत थेंबभर औषध सगळं रक्त बाजूला सारून भिंतीला भिडतं. जाड शिरेत ते रक्तात मिसळून पातळ होतं आणि रक्तातली प्रथिनं त्याला निष्प्रभ करतात. तीव्रता वाढवत नेली तर धोकाही वाढतो.

या कोंडीवर २००० साली इटलीचे लॉरेन्झो तेसारी यांनी सोपा तोडगा सुचवला. दोन सिरिंज, मध्ये तीन तोंडांचा कॉक, एक भाग औषध आणि चार भाग हवा. वीसेक वेळा इकडून तिकडे ढकललं की दाट फेस तयार होतो. २ मिलिलीटर औषधाचा १० मिलिलीटर फेस होतो आणि नुसत्या हिशेबाने तो ६ मिलिमीटरच्या ३५ सेंटिमीटर शिरेत भरतो. फेस रक्तात मिसळण्याऐवजी त्याला पुढे ढकलतो. दोनेक मिनिटांत तो विरू लागतो, म्हणून सोनोग्राफीच्या पडद्याकडे पाहत झटपट टोचावा लागतो.

फेस आला म्हणून जाड शिरेचा प्रश्न सुटला का? बराचसा, पूर्ण नाही. डेन्मार्कमध्ये ५०० रुग्णांवर झालेली चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. मांडीतल्या मुख्य शिरेवर चार उपाय ताडून पाहिले होते. वर्षभराने शीर उघडी राहून रक्त उलटं वाहत असल्याचं प्रमाण शस्त्रक्रियेनंतर आणि रेडिओफ्रीक्वेन्सीनंतर ४.८ टक्के, लेझरनंतर ५.८ टक्के आणि फेसानंतर १६.३ टक्के. म्हणजे सहातल्या एकाच्या बाबतीत काम अर्धवट. पण नेहमीच्या हालचाली सुरू करायला शस्त्रक्रियेच्या रुग्णांना ४ दिवस लागले, फेसाच्या रुग्णांना १.

ब्रिटनमध्ये ११ रुग्णालयांतल्या ७९८ रुग्णांचा पाच वर्षं पाठपुरावा झाला, त्याचा निष्कर्ष २०१९ मध्ये आला. आजाराशी निगडित जीवनमान लेझर आणि शस्त्रक्रियेच्या गटांत फेसापेक्षा चांगलं होतं. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या निकषावर खर्चाचा हिशेब मांडला तेव्हा ७७.२ टक्के वेळा लेझर किफायतशीर ठरलं. हा हिशेब जसाच्या तसा इथे लावू नये. लेझरच्या फायबरचे पैसे जिथे रुग्णाच्या खिशातून जातात, तिथे स्वस्त आणि पुन्हा करता येणाऱ्या फेसाची बाजू वजनदार होते.

फेसाच्या धोक्यांचे आकडेही पाहू. ६९ अभ्यासांचा एकत्रित आढावा २००७ मध्ये घेतला गेला. त्यातल्या मध्यक आकड्यांनुसार टोचलेल्या जागी दुखणं २५.६ टक्के, डाग किंवा बारीक शिरांचं नवं जाळं १७.८ टक्के, शिरेला सूज ४.७ टक्के, डोकेदुखी ४.२ टक्के, डोळ्यांपुढे काही काळ अंधुक होणं १.४ टक्के. खोल शिरेत किंवा फुप्फुसात गुठळी होण्याचं प्रमाण १ टक्क्याहून कमी. कमी असलं तरी ते शून्य नाही, आणि पूर्वी गुठळी होऊन गेलेल्या माणसाने ती हकिगत डॉक्टरांपासून लपवू नये. युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार पॉलिडोकॅनॉलची दिवसाची मर्यादा वजनाच्या दर किलोमागे २ मिलिग्रॅम आहे. ६० किलोच्या व्यक्तीला १२० मिलिग्रॅम, म्हणजे ३ टक्क्यांच्या औषधाचे फक्त ४ मिलिलीटर. फेस एका बैठकीत १० मिलिलीटरपर्यंत. दोन्ही पाय एकाच दिवशी ‘उरकून’ देणाऱ्यांना हा हिशेब जरूर विचारावा.

फेसाची खरी उपयुक्तता मला दिसते ती घोट्याजवळ जखम झालेल्या, वयस्कर, भूल झेपणार नाही अशा रुग्णांत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४५० रुग्णांच्या ब्रिटिश चाचणीत नादुरुस्त शिरा लवकर बंद केलेल्यांच्या जखमा मध्यकानुसार ५६ दिवसांत भरल्या, नुसत्या पट्ट्या बांधून थांबलेल्यांच्या ८२ दिवसांत. लवकर उपचार झालेल्या गटात अनेकांवर फेसच वापरला होता.

इंजेक्शनचा दर विचारण्याआधी डॉक्टरांना चार गोष्टी विचारा: डॉप्लर झालं का, मुख्य शिरेची झडप ठीक आहे का, शीर किती मिलिमीटरची आहे आणि औषध किती टक्क्यांचं देणार. उत्तरं कागदावर लिहून घ्या, आणि शीर खरंच बंद झाली का हे पाहायला पुन्हा सोनोग्राफी कधी करायची, ती तारीखही त्याच कागदावर घ्या.