नीरफणस उतरवावा कधी?

पावसाळ्यात रत्नागिरीच्या बाजारात नीरफणस दिसू लागला की घरोघरी कापांचे बेत ठरतात आणि वाद रंगतो तो रवा लावायचा की तांदळाचं पीठ यावर. मला विचाराल तर काप कसे होणार हे बरंचसं झाडावरच ठरलेलं असतं.

नीरफणस फणसाचाच भाऊबंद. शेकडो फुलं एकत्र वाढून त्याचं एक फळ होतं. सालीवरचा प्रत्येक षटकोनी चट्टा म्हणजे एकेक फूल. फळ कोवळं असताना हे चट्टे टोकदार आणि गर्द हिरवे असतात. जून होताना ते सपाट होतात, हिरव्यात पिवळसर झाक येते, चट्ट्यांमधल्या रेषा तपकिरी पडतात आणि सालीवर चिकाचे थेंब वाळलेले दिसतात. हे थेंब दिसले की फळ उतरवायचं. या वेळी गरात स्टार्च भरपूर असतो. आधी काढलेलं फळ पाणचट लागतं; उशीर झाला तर स्टार्चची साखर होऊ लागते, मग काप तव्यावर मऊ पडतात आणि आत शिजण्याआधी बाहेरून करपतात.

उतरवताना फळ आपटू देऊ नये. देठासकट काढून ते देठ खाली करून ठेवावं, म्हणजे चीक निथळतो. या चिकात रबराच्या जातीचे रेणू असतात. ते पाण्याला दाद देत नाहीत, तेलात मात्र सुटतात. म्हणून विळीच्या पात्याला आणि हातांना आधी खोबरेल चोळायचं. आपल्या आज्यांची ही रीत शुद्ध रसायनशास्त्र आहे.

झाडावरून सुटलं तरी फळ श्वास घेतच असतं. त्यातून इथिलीन वायू निघतो आणि दोन-तीन दिवसांत फळ पिकून मऊ होतं. लगेच करायचं नसेल तर अख्खं फळ पाण्यात बुडवून ठेवावं. प्राणवायू कमी मिळाल्याने पिकणं लांबतं.

चिरल्यावर साल आणि मधला कठीण गाभा काढून फोडी मिठाच्या पाण्यात टाकाव्यात, नाहीतर हवा लागून त्या काळवंडतात. काप अर्ध्या सेंटिमीटरचे. हळद, तिखट, मीठ, हिंग लावून, पिठात घोळवून तव्यावर टाकले की आधी झाकण ठेवावं. वाफेने आतला स्टार्च पाणी शोषून फुगतो, गर मऊ होतो. मग झाकण काढून कडा कुरकुरीत होऊ द्याव्यात.

आपल्याकडच्या या फळात बी नसतं. बिनबियांच्या अनेक जातींत गुणसूत्रांचे नेहमीच्या दोनऐवजी तीन संच असतात, त्यामुळे बी धरत नाही. म्हणजे परसातलं प्रत्येक झाड कुणीतरी कुणाला दिलेल्या रोपातून आलेलं. जगभरही नीरफणस असाच पसरला. ब्रिटिश नौदलातल्या कॅप्टन ब्लाय याने ताहितीहून हजारावर रोपं ‘बाउंटी’ जहाजावर चढवली होती. एप्रिल 1789 मध्ये खलाशांनी बंड केलं आणि रोपं समुद्रात फेकली. त्याने दुसऱ्या सफरीत नेलेली रोपं मात्र 1793 मध्ये कॅरिबियन बेटांवर पोचली.

बी नसल्याने परसातलं जुनं झाड पडण्याआधी त्याची रोपं करून ठेवायला हवीत. उथळ मुळाला जखम झाली की तिथून फुटवा येतो. तो मुळाच्या तुकड्यासकट काढून सावलीत वाढवावा आणि पावसाच्या सुरुवातीला जमिनीत लावावा. साधारण तीन ते सहा वर्षांत फळ धरतं.