कँटनचा दुभाषी आणि त्याचा मास्तर

जुन्या दरबारी भेटीगाठींची वर्णनं वाचताना माझी नजर आधी दुभाष्याला शोधते. वकील कोण होता, नजराणा किती आला, वस्त्रं कुणाला मिळाली, हे कारकून बारकाईनं टिपून ठेवतो. दोन पक्षांच्या मध्ये उभं राहून बोलणाऱ्या माणसाचं नाव मात्र तो बऱ्याचदा गाळतो. मसलत फिसकटली की तेच नाव ठळकपणे कागदावर येतं. या खोडीपायी मी ईस्ट इंडिया कंपनीच्या चीन व्यापारात शिरलो आणि जेम्स फ्लिंटपाशी अडकून पडलो.

कंपनी, चहा, चांदी आणि पुढची अफूची युद्धं वाचकांना ठाऊक आहेत, म्हणून ते सगळं ओलांडतो. आपली गोष्ट त्याच्या कितीतरी आधीची आहे. कँटनमध्ये तेव्हा इंग्रजांचा कॉन्सल वगैरे नव्हता. जहाजाबरोबर आलेले कंपनीचे सुपरकार्गो हेच तिचे व्यापारी आणि तेच तिचे वकील. चिनी अधिकाऱ्यांशी त्यांचं बोलणं परवानाधारक चिनी दुभाष्यांमार्फत चाले. ते मोडक्यातोडक्या पोर्तुगीज-इंग्रजीत बोलत, आणि जकातीचा मुख्य अधिकारी, ज्याला इंग्रज ‘होप्पो’ म्हणत, त्याच्या मर्जीवर त्यांचं पोट होतं. साहेबाची तक्रार होप्पोच्या कानी जाताना तिची विनवणी होऊन जाई, यात नवल नाही.

फ्लिंट हा कंपनीनं यावर काढलेला तोडगा, पण तो ठरवून काढलेला नव्हता. रिग्बी नावाच्या कप्तानानं 1736 मध्ये या पोराला भाषा शिकायला म्हणून चीनमध्ये मागं ठेवलं. तीन वर्षांनी कप्तानाचा निरोप आला, मुंबईला येऊन मला भेट. पोरगा पोचायच्या आधीच रिग्बीचं जहाज बुडालं. पालनकर्ता गेला, हाती उरली ती अर्धीमुर्धी चिनी भाषा. तेवढ्या भांडवलावर तो कँटनला परतला, मँडरिन पक्की केली आणि 1746 च्या सुमारास कंपनीचा दुभाषी झाला. चिनी कागदांत त्याचं नाव होंग रेनह्वे असं येतं.

1755 साली कंपनीनं त्याला सॅम्युएल हॅरिसनबरोबर उत्तरेकडे निंगबोला धाडलं. रेशीम आणि चहा पिकवणारे प्रदेश तिथून जवळ, म्हणजे कँटनच्या होप्पोला आणि तिथल्या परवानाधारक चिनी व्यापाऱ्यांना, म्हणजे हाँग व्यापाऱ्यांना, बगल देता येणार. पहिल्या फेरीला निंगबोकरांनी हसून स्वागत केलं. पुढच्या दोन वर्षांत आणखी जहाजं गेली आणि कँटनच्या पोटात गोळा आला. छिएनलुंग सम्राटानं आधी निंगबोची जकात चढवून पाहिली. तरी इंग्रज येतच राहिले. निंगबोचं दुसरं मकाव, म्हणजे परक्यांची कायमची वस्ती, होईल, ही सम्राटाची भीती मला तरी अनाठायी वाटत नाही. 1757 च्या अखेरीस फर्मान निघालं, यापुढं युरोपीय जहाजांनी फक्त कँटनला यावं.

इथं थांबायला हवं होतं. कंपनी थांबली नाही. 1759 च्या उन्हाळ्यात ‘सक्सेस’ नावाच्या लहानशा गलबतावर तिनं फ्लिंटला पुन्हा उत्तरेला पाठवलं. निंगबोनं दारातूनच परतवलं, तेव्हा तो तसाच वर तिआनजिनपर्यंत गेला, म्हणजे राजधानीच्या उंबऱ्यापाशी. तिथल्या अधिकाऱ्यांचे हात ओले करून त्यानं चिनी भाषेतला अर्ज सम्राटाकडे पोचवला.

हा अर्ज म्हणजे अठराव्या शतकातल्या बंदरी लाचखोरीचा झकास जमाखर्च आहे. दर जहाजामागं 1,950 टेल चांदीची ‘भेट’. आतबाहेर करताना हाताखालच्या लोकांची दस्तुरी. जहाजाला लागणाऱ्या शिधासामग्रीवर पैसे. होप्पो ली योंगब्याव परदेशी व्यापाऱ्यांना समोर उभं करत नाही. आणि एका मृत हाँग व्यापाऱ्याकडे अडकलेलं मोठं कर्ज त्याचे वारस फेडत नाहीत. पेशवाईतल्या जकातनाक्यांचे कागद चाळलेल्या माणसाला यातलं काहीच परकं वाटणार नाही.

सम्राटानं तक्रार ऐकली, हे इंग्रजी लेखक फार घाईनं सांगून टाकतात. त्यानं चौकशी अधिकारी नेमले, फ्लिंटला त्यांच्याबरोबर खुष्कीच्या मार्गानं कँटनला आणवलं, आणि ली योंगब्यावला पदावरून काढलं. कंपनीला क्षणभर वाटलं असेल, जिंकलो. पण दुसरी चौकशीही चालू होती. परक्या माणसाला इतका पद्धतशीर अर्ज लिहून दिला कुणी?

उत्तर निघालं लिऊ याबिआन. फ्लिंटला वाचायला-लिहायला शिकवणारा हा माणूस, आणि अर्जामागचा हात त्याचाच असा ठपका आला. 6 डिसेंबर 1759 रोजी प्रांताचा सुभेदार ली शीयाव यानं फ्लिंटला बोलावलं. बाकीचे इंग्रज सुपरकार्गोही हट्टानं बरोबर गेले. आत शिरताना झटापट झाली. मग सम्राटाचा हुकूम वाचण्यात आला. बंदी मोडून निंगबोला गेल्याबद्दल फ्लिंटला मकावजवळ तीन वर्षं कैद आणि नंतर कायमची हद्दपारी. लिऊ याबिआनला देहदंड, तोही परदेशी व्यापाऱ्यांना जरब बसावी अशा रीतीनं.

युरोपात त्या वेळी इंग्लंड आणि फ्रान्स एकमेकांशी लढत होते. तरी फ्रेंच, डच, डॅनिश आणि स्वीडिश व्यापारी इंग्रजांच्या वखारीत जमले आणि सर्वांनी मिळून निषेध नोंदवला. फ्लिंटला झालेली शिक्षा उद्या आपल्यालाही होऊ शकते, हे त्यांनी ओळखलं होतं. निषेधाचा उपयोग शून्य झाला. पानिपत घडलं तेव्हा फ्लिंट कैदेत होता. नोव्हेंबर 1762 मध्ये त्याला सोडून थेट जहाजावर बसवण्यात आलं.

ली शीयावनं लगोलग पाच नियम करवून घेतले. परदेशीयांनी हंगाम संपल्यावर कँटनमध्ये राहू नये, हाँग व्यापाऱ्यांच्याच घरांत उतरावं, चिनी माणसांना कर्ज देऊ नये की नोकरीला ठेवू नये, बाजारभावांच्या बातम्या काढायला जासूद पाठवू नयेत, आणि त्यांच्या जहाजांवर सैनिकांचा पहारा असावा. शिवाय लिऊचं काय झालं हे सगळ्यांनी पाहिलंच होतं; परक्यांना भाषा शिकवायला आता कोण धजणार? परिणाम किती खोल गेला ते पाहा. इंग्लंडच्या राजानं छिएनलुंगकडे धाडलेली लॉर्ड मॅकार्टनीची वकिलात 1792 मध्ये निघाली, तेव्हा तिच्यासाठी दुभाषी शोधत तिचा सचिव जॉर्ज स्टाँटन याला थेट नेपल्सला, तिथल्या चिनी पाद्र्यांच्या विद्यालयात जावं लागलं. त्या वकिलातीनं मागितलेल्या बंदरांत पुन्हा निंगबो होतंच, आणि नकारही पुन्हा तोच. निंगबो इंग्रजांना उघडं झालं ते 1842 च्या नानकिंग तहानं, तोफांच्या धाकावर.

फ्लिंटची गोष्ट इथं संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता. ‘सक्सेस’वर सॅम्युएल बोवेन नावाचा एक खलाशी होता. आपणही चीनमध्ये कैद भोगली असं तो सांगे. 1764 मध्ये तो अमेरिकेतल्या जॉर्जिया वसाहतीत उतरला आणि पुढच्या वर्षी तिथं सोयाबीन पेरलं गेलं. 1767 मध्ये त्याला सोया सॉस, शेवया आणि साबुदाण्याची पूड बनवण्याचं पेटंट मिळालं. ती पेरणी उत्तर अमेरिकेतली सोयाबीनची पहिली ज्ञात लागवड मानली जाते, आणि बोवेनच्या उद्योगात फ्लिंटचाही हात होता.

मग जानेवारी 1770. लंडनमध्ये असलेला बेंजामिन फ्रँकलिन नावारेते या पाद्र्याच्या पुस्तकात चिनी लोक कडधान्याचं ‘चीज’ करतात असं वाचून कुतूहलानं पेटला होता. फ्लिंटनं त्याला पत्रानं कृती कळवली: दाणे भिजत घालायचे, दळायचे, पाण्यात कालवून गाळायचे, उकळायचे. 11 जानेवारीला फ्रँकलिननं फिलाडेल्फियाच्या जॉन बार्ट्रम या वनस्पतीतज्ज्ञाला त्या कडधान्याच्या बिया पाठवल्या आणि ही माहितीही लिहिली. अमेरिकन माणसाच्या लेखणीतून टोफूचा उल्लेख झाला तो बहुधा तिथं पहिल्यांदा. साम्राज्याचा दरवाजा उघडायला गेलेल्या दुभाष्याच्या हातून शेवटी पार पडलेलं काम हे, आणि मला ते अर्जापेक्षा मोलाचं वाटतं.

पण त्याला हुतात्मा करायला मी तयार नाही. कंपनीनं त्याला वापरलं हे खरं. तरी बंदी माहीत असून तो गेला, आणि परक्याला अर्ज लिहून देणाऱ्या चिनी माणसाचं काय होईल, हे त्या देशात वाढलेल्या फ्लिंटला कळत नसेल असं मानणं कठीण आहे. त्याची तीन वर्षं गेली. लिऊ याबिआनचं डोकं गेलं. पुस्तकांत या सगळ्याला ‘फ्लिंट प्रकरण’ म्हणतात. ते नाव चुकीच्या माणसाचं आहे.