हृदयातल्या जाळरेषा

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हृदयाचे ठोके महिनोन्‌महिने वेडेवाकडे पडत असतील आणि डॉक्टरांनी ॲब्लेशन, म्हणजे हृदयाच्या आतला ठराविक भाग जाळून निकामी करणं, सुचवलं असेल, तर नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. कोणतं चांगलं? उष्णतेचं, अतिथंड फुग्याचं, की हल्ली बातम्यांत झळकणारं विजेच्या झटक्यांचं? प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच आहे. कशाने जाळायचं यापेक्षा कुठे आणि किती जाळायचं यावरच तज्ज्ञांमध्ये पंचवीसेक वर्षं खडाजंगी चालू आहे.

या आजारात, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, हृदयाचे वरचे दोन कप्पे, म्हणजे अलिंदं, आकुंचन पावण्याऐवजी नुसती थरथरत राहतात. ही थरथर आपोआप थांबत असेल तर आजार हलका समजतात. सात दिवसांच्या वर टिकली की तिला ‘पर्सिस्टंट’ म्हणतात, आणि खरी डोकेदुखी तिथून सुरू होते.

सह्याद्रीत उन्हाळ्याच्या तोंडावर वन विभागाचे मजूर डोंगरउतारांवर गवताचे पट्टे मुद्दाम जाळतात. त्यांना जाळरेषा म्हणतात. पुढे वणवा लागला तर तो या पट्ट्यापाशी येऊन अडतो, कारण एकदा जळलेलं गवत पुन्हा पेटत नाही. हृदयाच्या स्नायूतून जाणारी विजेची लाट याच नियमाने चालते. लाट जाऊन गेलेला भाग काही क्षण पुन्हा ‘पेटू’ शकत नाही. फरक एवढाच, की गवत उगवायला पावसाळा लागतो आणि हृदयाची पेशी सेकंदाच्या काही दशांशांत पुन्हा तयार असते. म्हणून मैदान पुरेसं मोठं असेल तर लाटा एकमेकींच्या मागून वाट काढत फिरतच राहतात. कॅथेटर, म्हणजे एक बारीक नळी, जांघेतल्या शिरेतून हृदयात नेऊन डॉक्टर व्रणांच्या ज्या रेघा ओढतात, त्या म्हणजे जाळरेषाच. रेघेत एक जरी फट राहिली तरी लाट तिथून निसटते, आणि कधीकधी त्या फटीभोवतीच नवी गिरकी घेत बसते. अर्धवट जाळरेषा ही जाळरेषा नसण्यापेक्षा वाईट, हे वनरक्षकालाही पटेल.

या विचाराचं श्रेय वॉल्टर गॅरी या अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञाला द्यायला हवं; ते त्याला फारसं मिळत नाही. १९१४ साली त्याने एक साधा, जरा क्रूर प्रयोग प्रसिद्ध केला. प्राण्यांच्या थरथरणाऱ्या हृदयाचे तो तुकडे करत गेला. मोठा तुकडा थरथरत राही; पृष्ठभाग चार चौरस सेंटिमीटरच्या खाली गेला की शांत होई. म्हणजे थरथर टिकायला जागा लागते. तेव्हा ना कॅथेटर होतं, ना संगणक. अर्धशतकाने, १९६४ मध्ये, गॉर्डन मो आणि सहकाऱ्यांनी ९९२ घटकांची एक जाळी संगणकात मांडून भटक्या लाटा प्रत्यक्ष फिरवून दाखवल्या. मग १९८७ मध्ये सेंट लुईसच्या जेम्स कॉक्स या शल्यविशारदाने गॅरीची सुरी माणसाच्या हृदयात नेली. अलिंद भूलभुलैयासारखं कापायचं आणि पुन्हा शिवायचं. लाटेला फिरायला जागाच उरत नाही. शस्त्रक्रिया परिणामकारक होती, पण छाती उघडणं आलं.

१९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो शहरातून मिशेल हायसागेर यांच्या गटाने चित्र पालटलं. अधूनमधून थरथर होणाऱ्या ४५ रुग्णांत ठिणगी पडण्याच्या ६९ जागा सापडल्या, आणि त्यांतल्या ६५ फुप्फुसांकडून रक्त आणणाऱ्या शिरांमध्ये होत्या. मग सगळं मैदान कशाला कापायचं? शिरांच्या तोंडाभोवती वर्तुळ आखून ठिणगी आतच कोंडली की झालं. आजही ॲब्लेशनचा पाया हाच आहे.

पण हे रुग्ण अधूनमधूनच्या थरथरीचे होते. महिनोन्‌महिने थरथरलेलं अलिंद बदलून जातं. मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी १९९५ मध्ये बकऱ्यांवर दाखवलं, की थरथर जितकी चालू ठेवावी तितकी ती पुढच्या खेपेला जास्त टिकते. मग तर्क सरळ होता: जुनाट आजाराला जास्त जाळा. कुणी अलिंदाच्या छताच्या बाजूने रेघा ओढल्या, कुणी विस्कटलेले संकेत देणारी प्रत्येक जागा भाजून काढली. तासन्‌तास.

२०१५ मध्ये ‘स्टार एएफ टू’ या चाचणीने ५८९ रुग्णांना तीन गटांत वाटलं. दीड वर्षानंतर फक्त शिरा कोंडलेल्यांपैकी ५९ टक्के एट्रियल फिब्रिलेशनमुक्त होते. विस्कटलेल्या जागाही जाळलेल्यांत हे प्रमाण ४९ टक्के, आणि रेघाही ओढलेल्यांत ४६. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरत नव्हता, पण जादा जाळण्याचा फायदा मात्र कुठेच दिसला नाही. प्रक्रिया सुमारे तासभर लांबली, तेवढंच. २०२३ च्या ‘कॅपला’ चाचणीत अलिंदाची मागची भिंतही वेगळी करून पाहिली: यश ५२.४ टक्के, आणि नुसत्या शिरा कोंडून ५३.६. आजाराने पडलेले, एमआरआयवर दिसणारे व्रण शोधून जाळणंही २०२२ मध्ये फोल ठरलं. फिरत्या भोवऱ्यांचे नकाशे काढणाऱ्या यंत्रणेचं त्याआधी वाजतगाजत स्वागत झालं होतं. नंतरच्या यादृच्छिक चाचण्यांत तिचं तेज टिकलं नाही.

एक अपवाद मात्र लक्ष वेधून घेतो. इंग्रज शल्यविशारद जॉन मार्शल यांनी १८५० मध्ये हृदयाच्या मागच्या बाजूच्या एका बारीकशा शिरेचं वर्णन केलं होतं. तिच्यात अल्कोहोल सोडलं की आसपासचा स्नायू निकामी होतो, कॅथेटरची उष्णता पोचत नाही तिथेही. २०२० च्या ‘व्हीनस’ चाचणीत याने यश ३८ वरून ४९ टक्क्यांवर गेलं. २०२५ मध्ये चीनमधल्या ‘प्रॉम्प्ट एएफ’मध्ये अल्कोहोल आणि त्यासोबतच्या रेघांनी ते ६१.५ वरून ७०.७ टक्के झालं. फायदा खरा आहे, पण हात सरावलेला लागतो.

आता विजेच्या झटक्यांचं. पल्स्ड फील्ड ॲब्लेशन पेशींच्या आवरणाला छिद्रं पाडतं. उष्णतेवर ते विसंबून नसल्याने शेजारची अन्ननलिका बरीच सुरक्षित राहते. सतरा हजारांहून अधिक रुग्णांच्या एका पाहणीत अन्ननलिकेला भोक पडल्याची एकही घटना नव्हती. उष्णतेच्या ॲब्लेशनमध्ये ही गुंतागुंत विरळाच होते, पण झाली तर बहुधा प्राणावर बेतते. त्यामुळे हे पाऊल मोठंच. मात्र पर्सिस्टंट रुग्णांच्या ‘स्फिअर पर-एएफ’ चाचणीत वीज आणि उष्णता दोन्ही वापरणाऱ्या नव्या कॅथेटरचं यश ७३.८ टक्के आणि जुन्या पद्धतीचं ६५.८ होतं. यातून नवं कॅथेटर जुन्याहून कमी नाही एवढंच सिद्ध झालं. हत्यार बदललं, तरी कुठे जाळायचं हा प्रश्न तसाच आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने जाळायच्या जागा निवडणाऱ्या ‘टेलर्ड एएफ’ चाचणीची बातमीही चवीने वाचली गेली: वर्षभरात ८८ टक्के रुग्ण एट्रियल फिब्रिलेशनमुक्त, फक्त शिरा कोंडलेल्यांत ७०. पण अलिंदातली इतर अनियमितता धरली, तर एका प्रक्रियेनंतर दोन गटांत लक्षणीय फरक नव्हता. बातमीच्या मथळ्यात हे वाक्य सहसा मावत नाही.

यश मोजायची पट्टीही नीट पाहायला हवी. यातल्या बहुतेक चाचण्यांत तीस सेकंदांची थरथर नोंदली गेली की रुग्ण ‘अपयशी’. महिनोन्‌महिने थरथरणारं हृदय वर्षातून एकदा मिनिटभर चुकलं, तर रुग्ण स्वतःला बरा समजेल आणि चाचणी त्याला नापास करेल.

तेव्हा पहिल्याच ॲब्लेशनला सामोऱ्या जाणाऱ्या पर्सिस्टंट रुग्णासाठी आजचा कौल साधा आहे: शिरा नीट, फट न ठेवता कोंडाव्यात, त्यापलीकडे काही जाळायचं असेल तर ते का, हे डॉक्टरांना आधी विचारावं. यंत्राच्या नावापेक्षा त्या केंद्रात वर्षाला किती प्रक्रिया होतात हे विचारणं जास्त उपयोगाचं. आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी ठोके सुधारले म्हणून स्वतःहून बंद करू नये. ॲब्लेशननंतर ती किमान दोन-तीन महिने घ्यावीच लागते. पुढे ती चालू ठेवायची की नाही, हे पक्षाघाताचा धोका पाहून डॉक्टर ठरवतात.