बेस गिटारच्या तारा बदलताय? आधी टेप लावा, मग सेट घ्या

पिंपरी-चिंचवड : आकुर्डी-निगडीतील कॉलेजचा बँड असो किंवा चाकणच्या कंपनीतील शिफ्ट संपवून सरावाला बसणारा हौशी वादक, बेस गिटारच्या तारा घेताना गोंधळ ठरलेला. बेसचा सेट साध्या गिटारच्या सेटपेक्षा कितीतरी महाग असतो आणि पाकीट फोडले की सहसा परत घेतला जात नाही. त्यामुळे खरेदीपूर्वी चार गोष्टी माहीत हव्यात.

तारा इतक्या जाड का?
बेसची सर्वांत खालची तार ४१.२ हर्ट्झला वाजते, गिटारची ८२.४ हर्ट्झला. लांबी आणि ताण तेवढाच ठेवून कंपनसंख्या निम्मी करायची, तर तारेचे वजन चौपट लागते. एकसंध जाड सळई मात्र ताठ होते आणि बेसूर वाजते. म्हणून पोलादी गाभ्यावर दुसरी तार गुंडाळतात.

लांबी कशी मोजायची?
मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांत बसतात, तिथून बाराव्या फ्रेटपर्यंत टेप लावा आणि येणारे माप दुप्पट करा. ३४ इंच आले तर लाँग स्केल, ३० इंच आले तर शॉर्ट स्केल. लाँग स्केलचा सेट छोट्या बेसवर चढवल्यास तारेचा जाड भाग खुंटीवर वळतो आणि वेटोळे सैल होण्याचा धोका असतो. उलट केले तर तार पुरतच नाही.

०.०४५-०.१०५ म्हणजे काय?
हे गेज, म्हणजे सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेचा इंचातील व्यास. व्हर्निअरवर ते १.१४ आणि २.६७ मिलिमीटर भरते. बहुतेक चार तारांच्या बेसला हा सेट चालतो. नवशिक्यांच्या बोटांना ०.०४०-०.०९५ हलका पडतो. चारही तारांचा मिळून ताण सुमारे ७० ते ८० किलो वजनाइतका असतो. गेज बदलले की हा ताण बदलतो, मान वाकते आणि ट्रस रॉड पुन्हा जुळवावा लागतो.

राउंडवाउंड की फ्लॅटवाउंड?
राउंडवाउंडवर गोल तार गुंडाळलेली असते. आवाज खणखणीत येतो, म्हणून रॉक आणि स्लॅपसाठी पसंती. 'द हू'चे जॉन एंटविसल यांनी १९६६ मध्ये रोटोसाउंडसोबत अशा तारा घडवल्या. फ्लॅटवाउंडवर चपटी पट्टी असते. ती बोटांना गुळगुळीत लागते आणि आवाज गोल, दबका येतो. मोटाउनचे जेम्स जेमरसन याच तारा वापरत आणि त्या क्वचितच बदलत. भावगीते, जुनी हिंदी गाणी किंवा जॅझ वाजवणाऱ्यांना त्या शोभतात.

निकेल की स्टील?
निकेलचा मुलामा दिलेल्या तारा मऊ वाजतात. स्टेनलेस स्टीलचा आवाज अधिक तीक्ष्ण असतो आणि त्यावर गंज कमी चढतो, पण फ्रेट लवकर झिजतात. घाम आणि पावसाळ्यातील दमट हवा हे तारांचे मोठे शत्रू. वाजवून झाल्यावर सुक्या फडक्याने तारा पुसल्या तर त्या जास्त टिकतात.

हे लक्षात ठेवा
- मोबाइलच्या स्पीकरवर व्हिडिओ ऐकून तारा निवडू नका. त्यावर खालचे सूर नीट उमटतच नाहीत. हेडफोन लावा.
- तारा एकेक करून बदला, मानेवरचा ताण एकदम उतरणार नाही.
- जुन्या सेटचे पाकीट जपून ठेवा. पुढच्या खरेदीला गेज शोधत बसावे लागणार नाही.