लवेतला गुंता

बारामती-इंदापूरकडे घरातलं लहान कुत्रं म्हटलं, की बहुधा पामेरियनच डोळ्यांसमोर येतं. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वर लांब राठ केस, खाली दाट मऊ लव. गुंता होतो तो या लवेत. मऊ ब्रशनं वरचे केस चमकतात, आतल्या गाठी मात्र तशाच राहतात. ही चूक मीही केली आहे.

रबरी गादीवर लांब, विरळ तारा बसवलेला ब्रश घ्या. घेण्याआधी मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवून पाहा. आपल्याला बोचला, तर त्यालाही बोचणारच. जोडीला स्टीलचा कंगवा हवा. ब्रशनंतर तो मुळापासून न अडखळता निघाला, की काम झालं. कानामागे, काखेत जरूर पाहा. गोचीडही तिथंच लपते.

पावसाळा सरला, की इंदापूरच्या माळावरून कुत्रं कुसळं घेऊनच घरी येतं. ती ब्रशनं ओढू नका, बोटांनी वेचा. पंजाच्या बेचक्यात शिरलेलं कुसळ आत सरकत जातं, जखम चिघळते. मग डॉक्टरच गाठावे लागतात. अंघोळ गुंता सोडवल्यावरच घाला, कारण भिजलेली गाठ आणखी आवळते. आणि उन्हाळा आला म्हणून त्याला भादरू नका. तेच केस त्याला उन्हापासून वाचवतात.